घरचं ते खर्चात न्हाई

खाडाखोड केलेल्या वहीची मला भीती वाटत नाही. तेलाचे डाग पडलेली, मधली दोन पानं फाटलेली, मागच्या पुठ्ठ्यावर पोरानं बैल काढलेला, अशी वही हातात आली की मला बरं वाटतं. इथं माणसं आहेत, ती चुकतात, चूक सापडेल. भीती वाटते ती स्वच्छ वहीची. जमा, खर्च, शिल्लक सगळं जिथल्या तिथं, अक्षर मोत्यासारखं आणि दरसाल नफा. अशी वही बघितली की माझं डोकं दुखायला लागतं.

जोयडा तालुक्यातल्या संघांचे, सोसायट्यांचे, देवळांच्या कमिट्यांचे हिशेब लिहून देणं हा माझा धंदा. रामनगरातून जोयड्याची बस, पुढं मिळेल ते वाहन, आणि काहीच नाही मिळालं तर माझे दोन गुडघे, तेही आता कुरकुरतात. माझं नाव प्राजक्ता आहे हे फारसं कुणाला माहीत नाही. हिशेबाला इकडे लेक्क म्हणतात, म्हणून मी लेक्काची अक्का. अकरा महिने कुणाला माझी आठवण येत नाही. मार्च लागला की फोन सुरू होतात, जसं काही वर्षभराचं बाळंतपण मी एका आठवड्यात उरकणार आहे. या मार्चमध्ये तर मला इतका शीण आला होता की बसमध्ये बसल्या बसल्या मी ठरवलं होतं, पुढच्या वर्षी हे बंद. हे मी दरवर्षी ठरवते.

पणसवाडीच्या सातेरी महिला संघाची वही स्वच्छ होती. उळवीचा रस्ता सोडून नंदिगड्ड्याच्या अंगानं आत गेलं की ही वाडी लागते, वीस-बावीस घरांची. नदीकाठच्या एका रिसॉर्टचे पाहुणे तीन वर्षांपासून इथं ‘गावचं जेवण’ जेवायला येतात. जीपमधून उतरायचं, चटईवर मांडी घालायची, तांदळाची भाकरी, रानकंदाची भाजी, गावठी कोंबडीचं सुकं आणि भिरंडाची, म्हणजे कोकमाची, कढी खायची, चुलीचा फोटो काढायचा आणि जायचं. रांधणाऱ्या बायका सात. रिसॉर्ट त्यांना ताटामागे दीडशे रुपये देतं. पाहुण्यांकडून साडेचारशे घेतं, पण ती गोष्ट वेगळी.

आता संघाला बँकेचं कर्ज हवं होतं, गॅसचं स्वयंपाकघर आणि पत्र्याची शेड बांधायला. बँकेला तीन वर्षांचा हिशेब हवा होता आणि रिसॉर्टबरोबर पुढच्या दोन वर्षांचा करार. तारण म्हणून अध्यक्षबाई केशरवैनींचं पोफळीचं छोटं कुळागर, म्हणजे बाग, लिहून द्यायचं ठरलं होतं. मी गेले त्याच दिवशी दुपारी रिसॉर्टचा मॅनेजर करारावर सही घ्यायला येणार होता. त्याआधी मी वही बघायची, मग दांडेलीचे सीए शिक्का मारतील, असा बेत.

मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्या दिवशी पाहुणे नव्हते, तरी चूल पेटलेली होती. केशरवैनी पाय लांब करून भाकऱ्या थापत होत्या. पावलं सुजून वर आली होती आणि जोडवी मांसात रुतली होती. अध्यक्ष म्हणजे पणसवाडीत सगळ्यांत आधी उठणारी आणि सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई, एवढाच अर्थ आहे.

“आलीस बाय? आदी जेव, मग तुझं लेक्क.”

“आधी वही द्या, वैनी. मॅनेजर दुपारी येतोय.”

“त्यो काय जेवल्याबिगर जातुय? तू पण जेव.”

पणसवाडीत वही उघडायच्या आधी ताट वाढलं जातं, याला इलाज नाही. मी हात धुऊन आले तर केशरवैनींचा हात परातीत तसाच होता आणि डोळे मिटलेले. तव्यावरची भाकरी करपायला लागली. शेजारी कांदा चिरत बसलेल्या पार्वतीनं काही न बोलता उलथनं घेतलं, भाकरी उलटली आणि पुन्हा कांद्याला लागली. वैनी दचकून जाग्या झाल्या आणि पुढचा गोळा मळू लागल्या. या गोष्टीची त्या घराला सवय झाली होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी भुकेली होते.

भात वाढला तेव्हा मात्र कळलं. पणसवाडीचा भात मी वर्षानुवर्षं खाते. उकड्या तांदळाचा, जाड, लालसर, दोन घासांत पोट भरणारा. ताटातला भात पांढरा, बारीक, दुकानाचा होता. जेवता जेवता हिशेब विचारू नये इतकी रीत मलाही आहे.

जेवण झाल्यावर नेत्रा वही घेऊन बसली. नेत्रा संघाची चिटणीस, पंचविशीची, दहावी पास, अक्षर सुरेख. दरवर्षी मी नुसत्या बेरजा तपासून गेले होते, या खेपेला खर्चाची पानं खालपर्यंत वाचली. तेल, मसाला, साखर, चहा पावडर, पत्रावळी, कधी कोंबडी. बस्स.

“नेत्रा, तांदूळ कुठं आहे?”

“कोठीत.”

“कोठीतला नव्हे. वहीत कुठं आहे?”

“त्यो घरचा हाय, अक्का. केशरकाकीचा.”

“नारळ?”

“पार्वतीवैनीच्या घरचं.”

“लाकडं?”

“रानातली. आमी समद्या आनतो.”

“आणि कोंबड्या? इथं महिन्यात दोनच लिहिल्यात. पाहुणे काय पिसं खातात?”

“बाकीच्या सोनियाच्या घरच्या.”

“म्हणजे घरचं ते फुकट?”

नेत्रानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काही तरी अडाणीपणाचं विचारलं. “फुकट न्हवं. घरचं. घरचं ते खर्चात कसं येईल? दुकानातनं आनलेलं तेवढंच खर्च.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिला काय बोलणार? आमच्या रामनगराकडे लग्नात आहेर लिहायला वही घेऊन बसलेला माणूस नवरदेवापेक्षा महत्त्वाचा असतो. कुणी किती घातले, मागच्या खेपेला आपण त्यांच्याकडे किती घातले होते, सगळं लिहिलेलं. पणसवाडीत उलटं. लग्न असो की बारावं, पाहुणा पुढच्या दारानं येतो आणि तांदूळ मागच्या दारानं. शेजारीण सुपात काही तरी घेऊन येते, मागच्या पडवीत ठेवते आणि न बोलता जाते. कुणी आणलं असं विचारणं म्हणजे तिचा अपमान. आणि दिलेलं कुणी लिहून ठेवलंच, तर ती भेट राहिली नाही, उसनं झालं. फार सुंदर रीत आहे. लग्नाला चालते. महिन्याच्या चारशे ताटांना कशी चालेल?

संघाच्या स्वयंपाकघरालाही मागचं दार होतंच.

केशरवैनी भांडी घासायला मागे गेल्या तशी मी पाठोपाठ गेले.

“वैनी, भात दुकानाचा होता.”

त्यांनी राखेचा हात थांबवला नाही. “बारीक लागला व्हय?”

“कोठी रिकामी आहे?”

त्यांनी तवा पुढं ओढला. मग त्या म्हणाल्या, “गेल्या गणपतीपास्नं. लावनीच्या टायमाला रोज पावणे. मी हितं भाकऱ्या थापू का चिखलात उभी ऱ्हाऊ? निम्मं शेत तसंच पडलं बाय. जे लावलं त्यातलं गव्यांनी खाल्लं.”

“मग हा तांदूळ?”

“झिलू धाडतो की पैसे.”

झिलू त्यांचा मुलगा, गोव्यात हॉटेलात ताटं उचलतो. तो तिकडे पाहुण्यांची ताटं उचलून मिळवतो आणि त्याची आई इकडे पाहुण्यांच्या ताटात ते वाढते. मला हसू आलं असतं, पण आलं नाही. रिसॉर्टचं बिल दोन-दोन महिने उशिरा येतं, तेव्हा तेलाची पदरमोडही वैनीच करत होत्या. संघाचे पैसे आले की परत घ्यायचे, असं मनात. घेतले किती वेळा, तर एकदाही नाही.

“हे सगळ्यांना सांगा.”

“नगं. सांगितलं की त्या मागं सरतील. पार्वतीच्या पोरीचं दांडेलीला कॉलेज हाय. नेत्राच्या नवऱ्याची जीप. शिगम्याला नऊ-नऊ हजार हातात पडले तवा त्या कशा हासत हुत्या, बघितलं न्हाईस तू. माझ्या एकटीपायी कशाला बंद पाडू?”

“आणि कुळागर लिहून देताय ते?”

“पोफळी काय उठून चालत जात्यात व्हय? तितंच हायत त्या.”

“हप्ता चुकला तर बँक चालत येते, वैनी.”

त्यांनी पातेलं पालथं घातलं आणि पदराला हात पुसले. “दिलेलं लिवत न्हाईत बाय. सातेरीच्या नावाचा संघ हाय. देवीच्या म्होरं मी उसनं दिलं न्हाई. तू कुनाला सांगू नगंस. मी सही करनार हाय.”

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एकदम आल्यावर माणूस काय करणार? मी तांब्यातलं पाणी प्यायले. त्या बाईची अजून दोन वर्षं तशीच भाकऱ्या थापायची ताकद उरलेली नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी ती सही करणार होती, कारण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की दिलेलं बोलून दाखवल्यासारखं झालं असतं. आणि मी तिचं गुपित फोडायचं नव्हतं. फोडलं असतं तर पुन्हा त्या वाडीत माझ्यासमोर ताट आलं असतं, पण मला ते गिळवलं नसतं.

मग मी माझ्या धंद्यातला सगळ्यात रटाळ प्रकार काढला. सातही जणींना चटईवर बसवलं आणि सांगितलं, “बँकेला एका ताटाची किंमत लिहून हवी आहे. कुणी काय दिलं ते मला नको. कुणाचं नाव घेऊ नका. फक्त ताट सांगा. त्यात काय काय पडतं आणि बाजारात त्याला काय पडेल, एवढंच.”

“घरच्याचं पन?” नेत्रानं विचारलं.

“घरच्याचं पण. बँकेला घर नसतं.”

केशरवैनी खांबाला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे एकदा त्यांनी रोखून बघितलं. मी वहीत डोकं घातलं.

तेल झालं, मसाला झाला. लाकडं आली तेव्हा बायका हसल्या, रानातल्या लाकडाला कसली किंमत? मी म्हटलं, जोयड्यात मोळी कितीला आहे? ती किंमत लिहिली. कंद झाले. कंदमेळ्यात ते किलोनं विकतात, त्यामुळे भाव सगळ्यांना तोंडपाठ होता. मग मी विचारलं, “नारळ?”

“पस्तीस,” पार्वती म्हणाली. “परवा तर चाळीसनं घेतला.”

नेत्रानं मान वर केली.

“घेतला?” नेत्रा म्हणाली. “वैनी, तुमचं तर घरचं न्हवं?”

पार्वती खाली बघू लागली. धिप्पाड बाई, वाडीतल्या सगळ्या पुरुषांना दटावणारी, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “माकडांनी एक ठेवला न्हाई,” ती म्हणाली. “दोन वर्सं झाली. शेंड्यावरच फोडत्यात. पयल्या वर्षी कुनाला बोलली न्हाई, मग बोलायचं कसं? गुंद गावातल्या दुकानातनं आनते आनि मागल्या दारानं ठेवते.”

सोनिया आधी हसली. मग तिचं हसणं बिघडलं. “माझ्या कोंबड्या मागच्या पावसाळ्यात मान टाकून मेल्या,” ती म्हणाली. “एक पन ऱ्हायली न्हाई. जोयड्याच्या गाडीवाल्याकडनं घेते. गावठी म्हनून देतो, गावठी हाय का त्यो भगवंत जाने.”

“आनि तू त्या आमाला घरच्या म्हनून सांगत हुतीस?”

“तू नारळ घरचा म्हनून सांगत हुतीस न्हवं?”

मग बांध फुटल्यासारखं झालं. नेत्राचा नवरा सामानासाठी जीप फिरवत होता, त्याच्या डिझेलचा एक पैसा कधी लिहिला नव्हता. भिरंडाची सोलं संपल्यावर कुणी उळवीच्या जत्रेतून विकत आणली होती. कुणी गूळ, कुणी नाचणी, कुणी नव्या चटया. सातही घरांतलं घरचं कधीच संपलं होतं. सातही जणी दुकानातून विकत घेऊन ते मागच्या दारानं घरचं म्हणून ठेवत होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपणच तेवढ्या कमी पडलो, बाकीच्यांच्या कोठ्या भरलेल्या आहेत. जातं ते चिल्लर जातं आणि येतं ते बंडलानं, म्हणून कुणाला कळलं नाही. चूल चालू होती, पाहुणे जेवून वाहवा करत होते, वहीत नफा होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथं तर आंधळी एक नव्हती, सात होत्या, आणि सगळ्या मनापासून दळत होत्या.

“तांदूळ,” मी म्हटलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.

सगळ्यांनी केशरवैनींकडे बघितलं. त्यांचं डोकं खांबावर कलंडलं होतं. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे. एवढ्या गलक्यात त्या गाढ झोपल्या होत्या.

पार्वती उठली आणि कोठीत गेली. आत झाकण सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गिरणीच्या छापाचं रिकामं पोतं होतं. तिनं ते चटईवर ठेवलं आणि शेजारी बसली.

“पन्नास किलोची पिशवी हाय,” ती म्हणाली. “अशी अकरा हायत आत, घडी घालून ठेवलेली.”

मी भाव विचारला. तिनं सांगितला. मी लिहिला.

मग मी बेरीज केली. वहीतल्या हिशेबानं एका ताटाला नव्वद रुपये खर्च होता आणि साठ रुपये नफा. घरचं म्हणून आलेलं धरलं तर त्या साठातले दोन उरत होते. शिगम्याला जे नऊ-नऊ हजार वाटले, ते त्यांचेच नारळ, त्यांच्याच कोंबड्या आणि झिलूचे पैसे होते. आपल्याच नारळानं आपलीच ओटी भरून घेतली होती आणि वर आनंदानं हळदीकुंकू लावलं होतं.

“आणि हात?” मी म्हटलं. “सात बायका पहाटेपासून दुपारपर्यंत. रोजगार हमीला गेलात तर काय मिळतं?”

ते मीच लिहिलं. ताट दोनशेच्या पुढं गेलं.

“आनि तुमचं, अक्का?” पार्वतीनं एकदम विचारलं. “तुमची फी कुठं हाय ह्यात? तीन वर्सांत मी तरी लिवलेली बघितली न्हाई.”

“माझं वेगळं. मी इथं जेवते.”

“येगळं कसं?” ती म्हणाली. “लिवा.”

मी लिहिलं. ताट दोनशे वीसवर थांबलं. मला जरा लाज वाटली आणि बरंही वाटलं, पण तेव्हा ते बोलायची वेळ नव्हती.

“म्हंजे,” सोनिया सावकाश म्हणाली, “त्या बेंगळूरच्या लोकांना आमी जेवायला घालून वर दक्षिना देतोय.”

“आणि करार झाला की पाहुणे दुप्पट होणार,” मी म्हटलं. “जितके पाहुणे जास्त, तितकं भोक मोठं. वहीत मात्र नफा दुप्पट दिसेल. बँक खूश होईल.”

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

नागराज, रिसॉर्टचा मॅनेजर, तसा वाईट माणूस नव्हता. शिरसीकडचा, तिशीचा, उन्हानं रापलेला, त्याच्या तोंडावरही शीण होता. दिवसभर पाहुण्यांच्या तक्रारी आणि मालकाचे फोन यांत त्याचाही जीव जात असणार. तो नेहमीप्रमाणे हात धुऊन थेट चटईवर बसला. पार्वतीनं ताट वाढलं. तो गुपचूप, मनापासून जेवला. दोनदा कढी मागून घेतली. एवढ्या वर्षांत त्याचं ताट कधी कुणी मोजलं नव्हतं. तो पाहुणा होता.

जेवून त्यानं पिशवीतून कागद काढले. “दोन वर्षं, दीडशे दर, महिन्याला कमीत कमी आठशे ताटं. मालक खूश आहेत तुमच्यावर. अध्यक्षबाईंची सही इथं आणि इथं.”

त्यानं खांबाकडे बघितलं. “केशरबाई?”

“निजलीय ती,” पार्वती म्हणाली.

“उठवा ना. मला चारला परत पोचायचंय.”

“उठवायचं न्हाई.”

तिनं आवाज चढवला नव्हता. तो हसला, मग थांबला. सहाही जणी त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसायला घेतला.

“दर दोनशे वीस,” पार्वती म्हणाली. “आनि बिल महिन्याच्या महिन्याला. तसं लिवून आना, मग ती जागी झाल्यावर इचारतो तिला.”

“दोनशे वीस? अहो, एवढ्यात दांडेलीच्या हॉटेलातून पार्सल येतं.”

“आना की मग.”

“घरचंच तर असतं तुमचं सगळं,” तो म्हणाला. त्यात कपट नव्हतं, त्याला खरंच तसं वाटत होतं. तीन वर्षं त्यानं पाहुण्यांना तेच सांगितलं होतं. “तांदूळ घरचा, नारळ घरचा. तुम्हाला पडतं काय?”

पार्वतीनं गिरणीच्या छापाचं ते पोतं उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो ते वाचत बसला. नारळाचा, कोंबडीचा भाव नेत्रानं त्याला वाचून दाखवला. तो हळूहळू कागद पिशवीत भरू लागला.

“मालकांना विचारतो,” तो म्हणाला. “पण ते ऐकायचे नाहीत. खरं सांगतो, बाई.”

“बरं,” पार्वती म्हणाली.

तो उठला, चपला घालायला वाकला, तेवढ्यात ती म्हणाली, “ताटाचं दोनशे वीस.”

“आं?”

“तुमी जेवला न्हवं? एक ताट.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, चेष्टा आहे का म्हणून. मग त्यानं पाकीट काढलं. दोनशेची नोट आणि वीस सुटे दिले, आणि जीप वळवून निघून गेला. पार्वतीनं ते पैसे मुठीत धरले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जेवल्या माणसाकडून तिनं आयुष्यात पहिल्यांदा पैसे घेतले होते. मला माहीत होतं की यात बरोबर तीच आहे, तरी मला तिच्याकडे बघवेना.

“लिव,” ती नेत्राला म्हणाली. नेत्रानं लिहिलं. जमा, एक ताट. मग खर्चाच्या बाजूला तांदूळ, आणि पुढं ती थांबली.

“नाव लिवू?”

“लिव. केशरचं नाव लिव.”

नागराजचा फोन संध्याकाळच्या आत आला. मालक नाही म्हणाले होते. पुढच्या महिन्यापासून पाहुणे येणार नव्हते, या महिन्याचे उद्यापासूनच रद्द. बायका गोळाबेरीज करत बसल्या. शनिवारी जोयड्याच्या बाजारात भाकऱ्या विकता येतील का, कंदाच्या वड्या जमतील का, पार्वतीच्या पोरीचं पुढचं वर्ष कसं भागेल, असं काहीबाही. कुणालाही त्यात फार जोर नव्हता. मी नवं पान आखून दिलं. एक रकाना जास्तीचा, घरून आलेल्या वस्तूंचा. शहाणपणाच्या दोन गोष्टी सांगाव्यात असं मनात होतं, पण मीच इतकी थकले होते की तोंड उघडलं नाही.

उन्हं कलल्यावर केशरवैनी जाग्या झाल्या. कुणी तरी त्यांच्या अंगावर चादर घातली होती, ती बाजूला करत त्या गडबडीनं म्हणाल्या, “मॅनेजर आला व्हय?”

“येऊन गेला,” पार्वती म्हणाली.

“जेवला?”

“जेवला.”

“आनि सही?”

“झाली न्हाई. व्हनार न्हाई.”

वैनींनी चटईवर पसरलेल्या वहीकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं म्हणून. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कसं दिसतं ते माहीत होतं. त्यांनी पुढं सरकून त्या ओळीवर तळहात ठेवला आणि ती झाकली. मला वाटलं, आता त्या पान फाडतील. मला वाटलं, या घरात मला पुन्हा कुणी जेव म्हणणार नाही.

“म्हंजे उद्या पावणे न्हाईत?” त्या म्हणाल्या.

“न्हाईत.”

“परवा?”

“परवा पन न्हाईत.”

“मग पाटेचं उठायचं न्हाई?”

पार्वतीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “न्हाई, वैनी,” ती म्हणाली. “उठायचं न्हाई.”

केशरवैनींनी वहीवरचा हात काढला. मग चादर पुन्हा अंगावर ओढली, पदराची घडी करून उशाला घेतली आणि आमच्याकडे पाठ करून आडव्या झाल्या.